कढईतलं पाणी

ग्वांगझूच्या एखाद्या साध्या खाणावळीत 'गॉन छाऊ न्गाऊ हो' मागवलं, की जाणकार गिऱ्हाईक शेवटी ताटलीचा तळ बघतं. तांदळाच्या रुंद, चपट्या नूडल्स, बीफचे पातळ काप, मुगाचे लांब पांढरे मोड, कांद्याची पात आणि सगळ्यावर सोया सॉसचा तपकिरी रंग, एवढाच या पदार्थाचा ऐवज. पण खाऊन झाल्यावर ताटलीत तेलाचं थारोळं उरलं, तर आचारी कच्चा. नूडल्सचे तुकडे पडले असले, तर कच्चा. एक पट्टी गडद आणि दुसरी फिकी दिसली, तरी कच्चाच. आणि खाली रस साचला असेल, तर पुढे बोलायलाच नको. ग्वांगझूच्या, म्हणजे कँटनी, स्वयंपाकात नव्या आचाऱ्याची परीक्षा घ्यायला हा पदार्थ सांगतात, तो उगाच नव्हे. त्यात लपायला जागा नाही. मसाला नाही, दाट ग्रेव्ही नाही, वरून भुरभुरायला काही नाही.

या नूडल्स ग्वांगझूजवळच्या शाहे गावच्या. आता ते गाव शहराच्या पोटात गेलं आहे. पूर्वी त्या रसदार सॉससकट वाढल्या जात, आजही तो प्रकार मिळतो. कोरड्या प्रकाराची एक दंतकथा आहे. १९३८ साली जपानी फौजांनी ग्वांगझू घेतलं. त्या धामधुमीत एका खाणावळवाल्याकडचं सॉस दाट करायचं पीठ संपलं, समोरचं गिऱ्हाईक दांडगाई करणारं, ऐकायला तयार नाही. मग आचाऱ्याने पिठावाचून, रसावाचून नूडल्स तशाच कडकडीत कढईत परतल्या आणि वेळ मारून नेली. पदार्थांच्या जन्मकथा बहुधा अशाच असतात, कुणाचं तरी काहीतरी संपलेलं असतं. तेव्हा तिच्यावर फार विसंबू नये. मात्र पदार्थाचं मर्म तिने अचूक पकडलं आहे.

हे छोटेखानी पुस्तक या एका पदार्थाभोवती आणि त्याच्या सख्ख्या-चुलत भावंडांभोवती फिरतं. मांस, भाजी आणि नूडल्स एका कढईत, मोठ्या आचेवर, घरच्या शेगडीवर. कृती अर्ध्या पानात मावते. मग पुस्तक कशाला? कारण ती अर्ध्या पानाची कृती वाचून केलेल्या नूडल्स बहुतेक घरांत सारख्याच बिघडतात. मांस राखाडी आणि चिवट, कोबी लिबलिबीत, नूडल्सचा गोळा, तळाशी तपकिरी पाणी. सॉस चुकला म्हणून असं होत नाही. महागडी बाटली आणली, तरी तेच होतं. बिघडतं ते पाण्यामुळे.

थोडा हिशेब करू. अर्धा किलो मांस, वर कोबी, सिमला मिरची, गाजर, सगळं एकदम कढईत पडलं, की वाटीभर पाणी सहज सुटतं. त्यातलं १०० मिलिलिटर पाणी जरी उडवायचं म्हटलं, तरी सव्वादोनशे किलोज्यूल उष्णता लागते. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर दोन-अडीच किलोवॅटचा. त्यातली दीड किलोवॅट कढईच्या तळाला पोचली असं धरलं, तर एवढं पाणी उडायला अडीच मिनिटं जातात. त्या अडीच मिनिटांत कढईत काय चाललेलं असतं? मांस १०० अंश सेल्सिअसला उकळत असतं. पाणी आहे तोवर तापमान त्याच्या वर जात नाही, आणि भाजल्याचा खमंग तपकिरी रंग यायला तर साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणजे पाणी आटेपर्यंत मांस उकडून आखडलेलं, भाज्या मेलेल्या. त्यानंतर कितीही परता. कँटनी हॉटेलच्या भट्टीची ताकद घरच्या बर्नरच्या दसपट किंवा त्याहूनही जास्त असते. तिथे पाणी सुटतं आणि सुटताक्षणी वाफ होऊन निघून जातं. घरी ते रेंगाळतं.

यावर उपाय काय, हे नानजिंगच्या एका कवीने सव्वादोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. युआन मेई त्याचं नाव. सरकारी नोकरी लवकर सोडून तो आपल्या बागेत राहिला, मित्रांकडे जेवला, आवडलेल्या पदार्थांच्या कृती त्यांच्या आचाऱ्यांकडून उतरवून घेतल्या, आणि १७९२ साली 'सुईयुआन शिदान' हा पाकग्रंथ काढला. कृतींच्या आधी त्याने नियमांचं एक प्रकरण घातलं आहे, आणि माझ्या मते ग्रंथाचा जीव तिथे आहे. आच कशी असावी, हे तो सांगतोच. परतण्याच्या पदार्थाला आग जोरदार हवी, ती मंद असली तर पदार्थ मरगळतो. पण त्यापुढे जाऊन तो प्रमाणाची मर्यादा घालतो. परतायचं मांस एका वेळी अर्ध्या जिनपेक्षा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे तीनशे ग्रॅमपेक्षा जास्त नको. कोंबडी आणि मासे त्याहूनही कमी. कारणही देतो, जास्त झालं की आग आतवर पोचत नाही. किलोवॅट-किलोज्यूलची भाषा जन्माला यायच्या आधीचा हा माणूस. त्याच्या हाताशी लाकडा-कोळशाची चांगली धगधगती चूल होती, तरीही तो तीनशे ग्रॅमवर थांबतो. आपण गॅसच्या निळ्या पाकळ्यांवर अर्धा किलो ओततो.

म्हणून या पुस्तकातली प्रमाणं वाचकाला कंजूष वाटतील. दोन माणसांपुरतं मांस दोनशे ग्रॅम, नूडल्स तेवढ्याच, भाज्या त्याहून कमी. आणि तेही एकदम नाही. आधी मांस परतून बाहेर, मग भाज्या परतून बाहेर, मग नूडल्स, आणि शेवटच्या मिनिटाला सगळ्यांची गाठ. चायनीज स्वयंपाकाच्या व्हिडिओंत कढई हवेत उसळते, ज्वाळा कढईत शिरतात, ते पाहून आपणही उसळवायला जातो. त्या उसळण्यामागे शास्त्र आहे. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी फोडणीच्या भातासारखा चिनी भात परतणाऱ्या आचाऱ्यांचं चित्रण तपासून २०२० साली त्यावर शोधनिबंध लिहिला. कढई सेकंदाला जवळपास तीनदा मागेपुढे होते आणि डोलते, त्यामुळे इतक्या प्रखर आचेवरही दाणा जळत नाही. म्हणजे उसळवणं हे प्रखर आगीपासून बचावाचं तंत्र आहे. आपल्याकडे ती आगच नाही, तेव्हा बचाव कुणापासून करायचा? घरी कढई बर्नरवरून उचलली की ती थंड पडते, एवढंच. घरी मांसाचे काप पसरून टाकावेत आणि अर्धं मिनिट हात मागे घ्यावा. खालची बाजू रंगली की उलटावं. हात आवरणं हे या पुस्तकातलं सगळ्यात अवघड काम आहे, हे आधीच सांगून ठेवते.

कँटनी लोक ज्याला 'वॉक हेइ' म्हणतात, तो कढईचा जळकट-धुरकट खमंग श्वास घरी पुरता साधत नाही. काही हौशी मंडळी त्यासाठी ब्लोटॉर्च घेऊन कढईवर उभी राहतात. मला ते स्वयंपाकघरात शोभत नाही, आणि माझ्या ओट्याच्या वर लाकडी कपाट आहे. त्या श्वासाच्या निम्म्यापर्यंत पोचता येतं, आणि निम्मं पुष्कळ आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला तो वास अनोळखी नाही. संध्याकाळी नाक्यावर लागणाऱ्या चायनीजच्या गाडीवर तो रोज दरवळतो. तिथल्या पदार्थांची नावं चीनला फारशी ओळखीची नाहीत. 'हक्का नूडल्स' हे कोलकात्यात स्थिरावलेल्या हक्का चिनी समाजाचं आणि भारतीय जिभेचं अपत्य, आणि मंच्युरियन मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वांग यांनी १९७५ साली जन्माला घातलं. लाल रंग, व्हिनेगर, ढीगभर कोबी, सगळं मान्य. तरी तंत्राच्या बाबतीत गाडीवाला ग्वांगझूच्या आचाऱ्याचा जवळचा नातलग आहे, आणि आपल्या चकचकीत मॉड्युलर किचनपेक्षा त्याच्याकडून शिकण्यासारखं जास्त आहे. त्याचा बर्नर फुरफुरणारा, हाय प्रेशरचा. कढई पातळ पत्र्याची, काळीभोर. नूडल्स दुपारीच अर्धवट उकडून, निथळून, तेल लावून पसरलेल्या. भाज्या चिरून कोरड्या. आणि तो एका वेळी एक, फार तर दोन प्लेट करतो. दहा जण ताटकळत असले तरी दोनच. युआन मेई त्याने वाचलेला नाही. समोरच्या कढईने त्याला तेच शिकवलं.

आता बीफविषयी. चिनी स्वयंपाकात नुसतं 'मांस' म्हटलं की डुक्कर समजायचं. युआन मेईच्या ग्रंथात डुकराला स्वतंत्र, लांबलचक प्रकरण आहे, तर गाय-बैल, मेंढी आणि हरीण यांची बोळवण त्याने एकत्र केली आहे, आणि दक्षिणेकडच्या घरांत हे प्राणी नित्याचे नव्हेत असा शेराही मारला आहे. बैल नांगराचा होता. थांग आणि सुंग राजवटींच्या कायद्यांत परवानगीशिवाय बैल मारणं हा गुन्हा होता, आणि बीफ न खाणारी शेतकरी घरं चीनमध्ये कितीतरी होती. उत्तरेत आणि पश्चिमेत मुस्लिम समाजांनी गोमांसाची परंपरा जपली, लान्झोउच्या प्रसिद्ध नूडल्स त्यातूनच आल्या. दक्षिणेत पाणथळ भातशेतीवर रेडे-म्हशी राबत. शेतातून सुटलेलं जनावर, जून मांस, जाड धागे. पातळ काप, क्षाराचं मुरवण आणि क्षणभराची आच ही मांस मऊ ठेवण्याची रीत अशा मांसावर किती उपकारक ठरते, हे एकदा करून पाहिलं की कळतं.

आणि इथेच हा विषय मराठी वाचकाच्या दाराशी येतो. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यातली दुरुस्ती मार्च २०१५ मध्ये लागू झाली, आणि गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचं मांस त्या बंदीच्या बाहेर राहिलं. तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकाने या पुस्तकातला 'बीफ' हा शब्द म्हशीचं मांस असाच वाचावा, त्याच्या खाटकाकडे तेच मिळणार आहे. गोव्यातली परिस्थिती वेगळी, तिथल्या बाजारात आणि घरांत बीफ नेहमीचं. लंडन किंवा न्यू जर्सीत बसून हे वाचणाऱ्याने 'फ्लँक' मागावं, काम झालं. जे मोठ्याचं मांस खातच नाहीत, त्यांच्यासाठी कोंबडीची आणि मशरूमची प्रमाणं शेवटी दिली आहेत, पण पुस्तक त्यांच्यासाठी लिहिलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मराठीत बीफवर लिहायचं म्हणजे काहीतरी परदेशी लिहायचं, असा एक समज आहे. तो खरा नाही. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या चुलीवर या मांसाचं किती बारकाईचं ज्ञान होतं, ते त्यात वाचायला मिळतं. कोणता भाग कसा शिजतो, काय लगेच खायचं, काय टिकवायचं. मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या हे तर पाण्याशी केलेलं सर्वांत सरळ युद्ध. ज्या घरांत तेलही मोजून होतं, तिथे सूर्याकडून पाणी काढून घेतलं जात होतं. हे ज्ञान छापील मराठी पाककृतींच्या पुस्तकांपर्यंत पोचलं नाही, त्यात दोष चुलीचा नव्हता.

खाटकाकडे गेलात की 'अंडरकट' मागा. कण्याच्या आतल्या बाजूचा हा भाग सर्वांत मऊ, महाग असला तरी दोनशे ग्रॅमच घ्यायचा आहे. तो नसेल तर मांडीचा एकसंध तुकडा, चरबी आणि पांढऱ्या पडद्या काढून. तुकडे करून आणू नका. खाटीक रश्श्याचे तुकडे करतो, आणि त्यात त्याची चूक नाही. आपल्याला काप हवेत. तुकडा फ्रीझरमध्ये तासभर ठेवला की कडक होतो आणि सुरी नीट चालते. मांसाचे धागे कोणत्या दिशेने धावतात ते बघा आणि सुरी त्यांना आडवी चालवा. काप तीन मिलिमीटरचा. धागे आडवे कापले की प्रत्येक कापात ते आखूडच उरतात, आणि चावताना दातांचं काम सुरीने आधीच केलेलं असतं. भाकड म्हशीच्या मांसावर याने जितका फरक पडतो, तितका कोणत्याही मसाल्याने पडत नाही.

यानंतरची पायरी वाचून काही वाचक दचकतील. इतका वेळ पाण्याच्या नावाने बोटं मोडली, आणि आता मी मांसात पाणी घालायला सांगणार आहे. दोनशे ग्रॅम कापांना पाव चमच्याहून थोडा कमी खायचा सोडा, एक चमचा सोया सॉस, चिमूटभर साखर आणि दोन मोठे चमचे पाणी. हाताने चोळत राहा. पाच मिनिटांत पाणी दिसेनासं होईल, मांस ते पिऊन टाकतं. सोड्यामुळे मांसाची आम्लता उतरते, प्रथिनं आच लागल्यावर एकमेकांना घट्ट आवळत नाहीत, आणि प्यालेलं पाणी आतच राहतं. मग चमचाभर कॉर्नफ्लोअर, त्याचा पातळ लेप बसतो. शेवटी चमचाभर तेल, म्हणजे काप एकमेकांना चिकटत नाहीत. म्हशीच्या मांसात चरबी कमी, त्यामुळे तेलात कसर नको. वीस मिनिटं पुरेत. सोडा जास्त झाला किंवा रात्रभर राहिला, तर मांसाला साबणासारखा वास येतो आणि ते बुळबुळीत होतं. पाणी मांसाच्या आत हवं आणि कढईत अजिबात नको, या एका वाक्यासाठी बाकीची पानं आहेत.

नूडल्सचं सांगते. ताज्या शाहे नूडल्स पुण्या-मुंबईत सहज मिळत नाहीत. पातळ भिजवलेलं तांदळाचं पीठ तेल लावलेल्या थाळीत ओतून, वाफवून, पट्ट्या कापून घरी करता येतात, आणि ज्या घरात कोकणातले शिरवाळे होतात, तिथे तांदळाच्या पिठाशी कसं वागायचं हे कुणाला शिकवायला नको. वाळलेल्या चपट्या राइस नूडल्स वापरायच्या तर उकळू नका, कोमट पाण्यात वाकतील इतपत भिजवा. एक सूचना महत्त्वाची. तांदळाच्या नूडल्स फ्रीजमध्ये ठेवल्या की कडक होऊन मोडतात, कढईत जाण्याआधी त्यांना वाफ दाखवा. गव्हाच्या पिवळसर नूडल्सचं उलट, त्या आदल्या दिवशी उकडून फ्रीजमध्ये उघड्या ठेवल्या तर उत्तम, वरचं पाणी आपोआप सुकतं. त्यांचा पिवळा रंग आणि चिवटपणा क्षारामुळे येतो. उडदाच्या पापडात आपण पापडखार घालतो, त्याच जातीचा क्षार.

भाज्यांबद्दल फार लिहीत नाही. धुऊन पंचावर पसरा, आणि मीठ शेवटी. मोड घरी आणले तर ते उसळीचे आखूड मोड, त्यांना कच्च्या मुगाचा वास असतो. हवेत ते अंधारात वाढवलेले बोटभर लांब, मोठ्या भाजीवाल्यांकडे आता मिळतात. गाजर-सिमला मिरची घालायची तर घाला. ग्वांगझूचा आचारी नाक मुरडेल, पण तो तुमच्याकडे जेवायला येणार नाही.

सोया सॉस मात्र दोन हवेत. फिका चवीचा आणि गडद रंगाचा. आपल्या दुकानांत मिळणारी काळी बाटली बहुधा गडद, ती चवीसाठी वापरली तर नूडल्स खारट आणि काळ्याकुट्ट होतात. दोन्ही आधी एका वाटीत मिसळून ठेवा आणि कढईच्या कडेने सोडा, म्हणजे तापलेल्या लोखंडावर सॉस चटकतो. अजिनोमोटोबद्दल विचारणारे विचारतीलच. जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रसातून ती चव वेगळी काढली. १९६८ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या एका पत्रापासून तिच्या बदनामीला सुरुवात झाली, आणि पुढच्या नियंत्रित चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात ती बदनामी काही टिकली नाही. घाला किंवा घालू नका. मी चिमूटभर घालते.

कढईला वेगळा खर्च नको. पत्र्याची लोखंडी कढई, नाहीतर हलकी बिडाची. नॉनस्टिक या आचेला चालत नाही. नवी कढई घासून, तापवून, तेल पाजत पाजत काळी करावी लागते, पोह्यांच्या-भाजीच्या कढईला आज्यांनी जे केलं तेच. दर वेळी आधी रिकामी तापवायची, धूर निघू लागला की तेल, आणि लगेच मांस. खिडकी उघडी, पंखा बंद, एक्झॉस्ट चालू.

स्वयंपाकाची पुस्तकं प्रस्तावनांच्या बाबतीत नशीबवान असतात. बूवेई यांग चाओ ही जपानमध्ये शिकलेली चिनी डॉक्टर. अमेरिकी घरांना परतण्याची ही रीत जिने पहिल्यांदा नीट समजावून सांगितली, त्या तिच्या १९४५ च्या पुस्तकाला तत्त्वज्ञ हू शी आणि कादंबरीकार पर्ल बक अशा दोघांनी प्रास्ताविकं लिहिली, आणि पर्ल बक यांनी तर तिला शांततेचं नोबेल द्यावं असंच सुचवून टाकलं. इतकी अपेक्षा इथे कुणाकडून नाही. एक अडचण तेवढी निस्तरायची राहिली आहे, आणि ती मराठी घरात हमखास येते. आपल्याला सगळ्यांना एकदम वाढायची सवय. पानं घेतली, सगळे बसले, मग वाढणं. हा पदार्थ पंगतीचा नाही. चार माणसं असतील तर दोनदा करायचा, सहा असतील तर तीनदा, आणि प्रत्येक खेप ज्याच्या वाट्याची त्याने ती गरम असताना, बाकीच्यांची वाट न बघता खायची. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवावं. सगळी तयारी वाट्यांत ओट्यावर मांडलेली असली, तर एका खेपेला पाच-सहा मिनिटं लागतात. पहिली ताटली बाहेर गेली की कढई धुवायची नाही, कागदाने पुसायची, शेगडीवर ठेवायची आणि पुन्हा धूर निघेपर्यंत थांबायचं.